श्रवणसंख्येची बनावट आणि स्वामित्वधनाची वाटणी : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यातील आगरी-कोळी लग्नांत हळदीच्या रात्रीस गाण्यांचे जे महत्त्व आहे, ते परिसराबाहेरच्यांस सहसा ठाऊक नसते. धवलारिणींनी म्हणावयाचे धवले हा त्या सोहळ्याचा जुना, मौखिक भाग होय. पुढे त्याच्या जोडीला ध्वनिफिती आल्या. आज हळदीची नवी गीते वितरकामार्फत थेट स्ट्रीमिंग सेवांवर चढविली जातात. गायकाला मिळणारे स्वामित्वधन आता विकल्या गेलेल्या फितींवर नव्हे, तर ऐकल्या गेलेल्या वेळांवर ठरते. हे ऐकणे माणसाने केले की यंत्राने, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

‘बॉट’ म्हणजे मनुष्याच्या वतीने खाते चालविणारा संगणकीय कार्यक्रम. त्याने गाणे लावले की सेवेच्या वहीत एक श्रवण नोंदले जाते. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की ते मोजले जाते. साहजिकच एकतीस सेकंदांनी पुढच्या गाण्याकडे वळणारे एक खाते चोवीस तासांत सुमारे २,७८७ श्रवणे निर्माण करू शकते. माणसास झोप असते; बॉटास ती नसते.

यातील हानी समजण्यासाठी वाटणीची रीत पाहावी लागते. बहुतेक मोठ्या सेवा आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा एका सामाईक निधीत घालतात आणि एकूण श्रवणांच्या प्रमाणात तो वाटतात. समजा, निधी १ लाख रुपयांचा आणि श्रवणे १० लाख आहेत. दर दहा पैसे पडला. डोंबिवलीच्या एखाद्या गायिकेची २०,००० श्रवणे असतील, तर तिचे २,००० रुपये झाले. आता कोणी १ लाख बनावट श्रवणे घुसविली की निधी तेवढाच राहून भाजक ११ लाख होतो. गायिकेच्या वाट्यास सुमारे १,८१८ रुपये येतात व बनावट करणारा सुमारे ९,०९१ रुपये उचलतो. गायिकेचे गाणे कोणी चोरलेले नाही, तिच्या श्रोत्यांत घट नाही. तरीही १८२ रुपये गेले. आपले काही गेले हे तिला कळण्याचा मार्गही नाही, आणि या अपहाराचे खरे वैशिष्ट्य हेच आहे.

या रीतीचा कळस अमेरिकेतील एका प्रकरणात दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अभियोक्त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातील मायकेल स्मिथ याच्यावर आरोपपत्र ठेवले. त्यातील हिशेब बोलका आहे : ५२ क्लाउड खाती, प्रत्येकावर २० बॉट, म्हणजे १,०४० बॉट, प्रत्येकाने दिवसाकाठी ६३६ गाणी वाजविल्यास ६,६१,४४० श्रवणे, प्रत्येकी अर्धा सेंट धरल्यास रोजचे ३,३०७ डॉलर. एकूण स्वामित्वधन एक कोटी डॉलरहून अधिक असल्याचा आरोप होता. एकाच गाण्यावर अब्जावधी श्रवणे दिसली तर संशय येणारच. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली लक्षावधी गाणी जमवून श्रवणे त्यांच्यावर पातळ पसरविली गेली, असे आरोपपत्र म्हणते. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१ सालच्या तेथील श्रवणांपैकी १ ते ३ टक्के बनावट आढळली होती. आणि हा आकडा पकडल्या गेलेल्या श्रवणांचा आहे.

महाराष्ट्रात गाजलेले प्रकरण मात्र निराळ्या जातीचे आहे, आणि दोहोंची गल्लत करू नये. जुलै २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावे इन्स्टाग्रामवर बनावट खाते असल्याची तक्रार मुंबई पोलिसांकडे आली. तिच्या तपासातून फॉलोअर व व्ह्यूज विकण्याचा धंदा उजेडात आला. ऑगस्टमध्ये रॅप गायक बादशाह यांची चौकशी झाली. त्यांच्या २०१९ च्या ‘पागल’ या गीतास यूट्यूबवर पहिल्या चोवीस तासांत सुमारे साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा होता. यांपैकी ७.२ कोटींसाठी ७२ लाख रुपये दिले गेले, असे पोलिसांचे म्हणणे होते. बादशाह यांनी ते नाकारले. पोलिसांचा आकडा धरला तर एका व्ह्यूची किंमत दहा पैसे होते. येथे वस्तू विकत घेतली जाते ती स्वामित्वधन नव्हे, कीर्ती होय. यूट्यूबने सप्टेंबर २०१९ मध्येच आपल्या संगीत-क्रमवारीतून जाहिरातींद्वारे मिळालेले व्ह्यूज वगळले होते. विक्रमाचा आकडा पैशाने वाढतो हे या निर्णयात अप्रत्यक्षपणे मान्यच झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. श्रवणे विकत घेणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. दुसऱ्याची ओळख वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलमे ६६ क व ६६ ड लागू पडू शकतात. एरवी फसवणुकीच्या कलमाकडे, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ कडे, वळावे लागते. मालमत्तेच्या फसवणुकीत फसलेल्याने त्या भ्रमापायी काही देऊन टाकलेले असावे लागते. स्वामित्वधनाच्या अपहारात सेवा फसते व निधी देते. नुकसान मात्र इतर कलावंतांचे. कीर्तीच्या खरेदीत फसलेला कोण, हे दाखविणेच अवघड.

सेवांनी शोधलेले उपाय स्थानिक कलावंतांना कसे भोवतात, याचा विचार फारसा झालेला नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून दोन नियम आणले. मागील बारा महिन्यांत १,००० श्रवणे न झालेल्या गाण्यास स्वामित्वधन नाही. आणि ज्या गाण्याची ९० टक्क्यांहून अधिक श्रवणे कृत्रिम ठरतील, त्याबद्दल वितरकास दंड. पातळ पसरविण्याच्या युक्तीवर पहिला नियम योग्य तोडगा आहे. परंतु बोलीतील ज्या गीताची ९०० श्रवणे झाली, तेही त्यातच सापडते, आणि उरलेली शंभर विकत घ्यावी असा मोह नियमच निर्माण करतो. दंड वितरक अखेरीस गायकाकडूनच वसूल करू शकतो. ‘प्लेलिस्टमध्ये घालतो’ असे सांगून पैसे घेणारे मध्यस्थ पुष्कळ असतात. गाणे कोणाकडून वाजविले गेले, ते गायकास दंड झाल्यावर कळते.

यंत्र ओळखण्याच्या खुणा ठरीव आहेत : एकाच उपकरणावर तेच गाणे पुनःपुन्हा, रात्रभर, एकाच ठिकाणाहून, आणि अचानक आलेली लाट. आता हळदीची रात्र डोळ्यांपुढे आणावी. डीजेचा एक मोबाइल, पहाटेपर्यंत तीच चार गाणी, एकाच गावात. लग्नसराई संपताच शांतता. आकडेशास्त्राच्या नजरेने ही खरीखुरी श्रवणे बॉटांसारखीच भासावीत. मांडवात नाचणारे दोनशे जण वहीत एकच श्रोता म्हणून नोंदले जातात, हा आणखी एक अन्याय. पण तो वेगळा विषय झाला.

वाटणीची रीतच बदलावी, असा एक पक्ष आहे. प्रत्येक वर्गणीदाराची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटली, तर एका खात्याची लूट त्याच्या वर्गणीपुरती मर्यादित होते, व बॉट चालविणे आतबट्ट्याचे ठरते. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये अशी पद्धत सुरू केली. अर्थात, चोरलेल्या खात्यांवर हा उपाय चालत नाही, कारण तेथे वर्गणी दुसऱ्याचीच असते. तक्रारीचा मार्गही सरळ नाही. कल्याण-डोंबिवलीतील गायकाची तक्रार ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत नोंदली जाईल; परंतु श्रवणांच्या मूळ नोंदी परदेशी कंपनीच्या ताब्यात असतात, आणि गायकास दिसतो तो फक्त वितरकाने पाठविलेला मासिक तक्ता. त्यात श्रवणांची बेरीज असते, खात्यांचा तपशील नसतो.