गोल किती, गोलमाल किती?

आधी एक कोडं! एका टीमनं लागोपाठच्या दोन सीझनमध्ये लीगमध्ये प्रत्येकी ८६ गोल केले आणि दोन्ही वेळा बरोब्बर ४१ खाल्ले. पहिल्या वर्षी ती तिसरी आली, दुसऱ्या वर्षी चॅम्पियन! कोण ही टीम? डोकं खाजवा, उत्तर पुढे येतंय. तोवर चला, फुटबॉलच्या आकड्यांचा वॉर्म-अप करूया.

माहीत आहे का, इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये एकाच सीझनमध्ये गोल करण्याचीही सेंच्युरी आणि खाण्याचीही सेंच्युरी मारणारी टीम फक्त एकच आहे? मँचेस्टर सिटी, १९५७-५८. केले १०४, खाल्ले १००. नंबर? पाचवा! तिकीट काढून आलेल्या माणसाचे पैसे तर प्रत्येक मॅचला वसूल.

थांबा, सिटीची याहून भारी करामत बाकी आहे. १९३७ मध्ये त्यांनी लीग जिंकली. पुढच्या सीझनमध्ये ८० गोल ठोकले, डिव्हिजनमध्ये सर्वांत जास्त. आणि त्याच सीझनच्या शेवटी टीम रेलिगेट! गतविजेता थेट खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याची इंग्लंडमधली ही एकमेव घटना. कारण शेजारच्या कॉलममध्ये लिहिलं होतं: खाल्लेले गोल ७७. म्हणून पहिला नियम आत्ताच पाठ करा. अटॅकचा आकडा कधीच एकटा वाचायचा नाही, डिफेन्सला सोबत बोलवायचंच.

आता एक भागाकार, ज्यानं ट्रॉफी पळवली! १९२३-२४ मध्ये हडर्सफील्ड आणि कार्डिफ यांचे पॉइंट सारखे झाले. तेव्हा चालायचं ‘गोल ॲव्हरेज’: केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. हडर्सफील्ड ६० भागिले ३३, म्हणजे १.८१८. कार्डिफ ६१ भागिले ३४, म्हणजे १.७९४. ट्रॉफी हडर्सफील्डला, फरक फक्त ०.०२४! आजची पद्धत असती तर? वजाबाकी दोघांचीही २७, मग जास्त गोल कुणाचे ते बघायचं. म्हणजे कार्डिफ चॅम्पियन! शेवटच्या दिवशी कार्डिफनं एक पेनल्टी वाया घालवली होती, हे त्यांच्या चाहत्यांना आजही कुणी आठवण करून देऊ नये.

आणि नियम बदलला की आकडे कसे उसळी मारतात, माहीत आहे का? १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. पुढच्या खेळाडूपुढे तीनऐवजी दोनच विरोधक असले तरी चालू लागलं. इंग्लिश फुटबॉल लीगमधले एकूण गोल ४,७०० वरून एका वर्षात ६,३७३! अटॅकर्स रातोरात शहाणे झाले नव्हते, डिफेन्सच्या पायाखालची जमीन सरकली होती. मग आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननी मधला खेळाडू मागे ओढून तिसरा बचावपटू उभा केला आणि सगळ्या इंग्लंडनं त्यांची कॉपी केली.

आता भेटा पेन्सिलवाल्या विंग कमांडरना! चार्ल्स रीप, रॉयल एअर फोर्समधले हिशेबनीस. १८ मार्च १९५० ला स्विंडनच्या मैदानावर बसले असताना त्यांनी वही काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद करायला लागले. पुढे अनेक वर्षं हात थांबला नाही. १९५८ ची वर्ल्ड कप फायनल तर त्यांनी वॉलपेपरच्या रोलवर उतरवली!

रीप यांनी १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत शोधनिबंध छापला. ठळक निष्कर्ष: सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासमधून होतात. झालं! इंग्लंडमध्ये ‘पास कमी, बॉल लांब’ या शाळेला गणिताचं सर्टिफिकेट मिळालं.

पण इथेच खरी गंमत आहे. त्याच नोंदींप्रमाणे ९० टक्क्यांहून जास्त चाली मुळात तीन किंवा कमी पासमध्येच संपत होत्या. म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त चालींतून ८० टक्के गोल, आणि उरलेल्या मूठभर लांब चालींतून चक्क २० टक्के! चालीमागे गोल मोजला तर जास्त पास देणारेच पास झाले. मोजणी पक्की होती, भागाकार राहून गेला. माझ्या मते खेळांच्या आकडेवारीतला हा सर्वांत महागडा भागाकार.

तिकडे सोव्हिएत युनियनमध्ये दिनामो कीवचे कोच व्हॅलेरी लोबानोव्स्की वेगळंच मोजत होते: चुका! त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ अनातोली झेलेंत्सोव्ह यांचं म्हणणं होतं की जी टीम १५ ते १८ टक्क्यांहून जास्त चुका करत नाही, तिला हरवता येत नाही. कीवनं १९७५ आणि १९८६ मध्ये युरोपियन कप विनर्स कप उचलला.

आता आजचा सुपरस्टार आकडा: एक्सजी, म्हणजे एक्स्पेक्टेड गोल्स. शॉट कुठून मारला, कोन किती, पायानं की डोक्यानं, हे बघून त्या शॉटचा गोल होण्याची शक्यता शून्य ते एकच्या मधे मांडायची. पेनल्टीची किंमत किती, माहीत आहे का? साधारण ०.७६ ते ०.७९. आपल्या भाषेत पाऊण गोल, किंचित वर! टीमनं निर्माण केलेल्या संधींची बेरीज म्हणजे अटॅक, समोरच्याला दिलेल्या संधींची बेरीज म्हणजे डिफेन्स. स्कोअरबोर्ड फक्त निकाल सांगतो, एक्सजी टीमची तब्येत सांगतो.

या तब्येतीच्या रिपोर्टवर एका कोचला नोकरी मिळायला मदत झाली! २०१४-१५ मध्ये यर्गन क्लॉप यांचं बोरुसिया डॉर्टमुंड अर्ध्या सीझनला १८ टीममध्ये १७ वं होतं. हीच टीम २०११ आणि २०१२ ची जर्मन चॅम्पियन. सगळे म्हणाले, क्लॉप संपले. लिव्हरपूलमध्ये मात्र इयान ग्रॅहम नावाचे गृहस्थ, केंब्रिजचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रातले पीएचडी, आकडे बघून म्हणाले की टीम चांगलीच आहे, नशीब फुटकं आहे. डॉर्टमुंड घसरगुंडीवरून वर येत सातवं आलं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला पोचले. पुढे ग्रॅहम त्यांना भेटले आणि डॉर्टमुंडनं माइन्झविरुद्ध हरलेली मॅच किती अन्यायकारक होती हे समजावून सांगितलं. ती मॅच ग्रॅहमनी पाहिलेलीच नव्हती, फक्त आकडे पाहिले होते!

चला, लिव्हरपूल आलंच आहे तर इथे जरा मुक्काम करू, कारण एका टीमचा अटॅक आणि डिफेन्स कसे रंग बदलतात याची इतकी मस्त फिल्म दुसरी नाही.

सीन पहिला, २०१३-१४. लीगमध्ये १०१ गोल! त्यातले लुइस सुआरेझचे ३१, डॅनियल स्टरिजचे २१, दोघांचे मिळून ५२. मग सुआरेझ बार्सिलोनाला गेला, स्टरिज दुखापतींत अडकला. पुढच्या सीझनमध्ये अख्ख्या टीमचे गोल किती? ५२! जोडी गेली आणि जोडीच्या गोलांइतकीच टीम उरली. खाल्लेले गोल मात्र ५० आणि ४८, जवळपास तेवढेच. बिघाड कुठे आहे हे दोन ओळींत कळलं.

सीन दुसरा. जानेवारी २०१८ मध्ये हुकमी खेळाडू फिलिप कुटिन्हो बार्सिलोनाला विकला, त्याच महिन्यात व्हर्जिल व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोलकीपर ॲलिसन. पुढच्या सीझनमध्ये खाल्लेले गोल ३८ वरून २२! आता अटॅक आटला असेल ना? छे, ८४ वरून ८९! बचावफळीतला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड त्या सीझनमध्ये १२ असिस्ट (म्हणजे गोल करून देणारे पास) देऊन गेला, अँडी रॉबर्टसन ११. यांना डिफेन्सच्या खात्यात लिहायचं की अटॅकच्या? पॉइंट झाले ९७. तरीही ट्रॉफी हुकली, कारण सिटीचे ९८!

सीन तिसरा, आणि हा माझा लाडका. ऑक्टोबर २०२० मध्ये व्हॅन डाइकचा गुडघा गेला, मग बाकीचे सेंटर-बॅकही जायबंदी. खाल्लेले गोल ३३ वरून ४२, हे ओघानंच आलं. पण केलेले गोल? ८५ वरून ६८! भोक मागे पडलं आणि गळती पुढे लागली. कारण फॅबिन्यो आणि हेंडरसन या मधल्या फळीतल्या जोडगोळीला बचावात उभं करावं लागलं, मग पुढे बॉल पोचवणार कोण? घरच्या मैदानावर लागोपाठ सहा लीग-मॅच हरण्याचा नकोसा क्लब-रेकॉर्डही याच सीझनचा. आणि वेस्ट ब्रॉमविरुद्ध टीम शेवटच्या मिनिटांत अडकली असताना हेडर मारून जिंकवलं कुणी? गोलकीपर ॲलिसननं! लिव्हरपूलच्या इतिहासात गोल करणारा पहिला गोलकीपर.

सरासरी कशी फसवते, बघायचंय? २०२२-२३ मध्ये लिव्हरपूलचे ७५ गोल, म्हणजे मॅचमागे जवळजवळ दोन. पण त्यातले ९ बोर्नमथविरुद्धच्या एकाच मॅचमध्ये आणि ७ मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या एकाच मॅचमध्ये! त्या दोन मॅच बाजूला काढा, उरले ३६ मॅचमध्ये ५९. युनायटेडला ७-० धुतल्यानंतरची पुढचीच मॅच ते ०-१ हरले. कुणाकडून? त्याच बोर्नमथकडून!

आता कोड्याचं उत्तर. बरोबर, हीच टीम! २०२३-२४, क्लॉप यांचं शेवटचं वर्ष: ८६-४१, पॉइंट ८२, तिसरा नंबर. २०२४-२५, आर्ने स्लॉट यांचं पहिलं वर्ष: ८६-४१, पॉइंट ८४, चॅम्पियन! एकूण आकडा सेम टू सेम, पण पोटातली विभागणी बघा: दुसऱ्या वर्षी एकट्या मो सालाहचे २९ गोल आणि १८ असिस्ट. म्हणजे ८६ पैकी ४७ गोलांवर त्याचा हात, नव्हे पाय! शिवाय आधीच्या वर्षी सिटी ९१ आणि आर्सेनल ८९ वर होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या नंबरचं आर्सेनल ७४ वरच थांबलं.

माहीत आहे का, लिव्हरपूलनं थ्रो-इनचा कोचसुद्धा नेमला होता? डेन्मार्कचे थॉमस ग्रोनेमार्क, २०१८. स्वतः ५१.३३ मीटर लांब थ्रोचा विक्रम केलेले! प्रतिस्पर्धी अंगावर असताना थ्रो-इननंतर बॉल आपल्याकडे टिकवण्याचं प्रमाण एका सीझनमध्ये ४५.४ टक्क्यांवरून ६८.४ वर गेलं.

आकडे चकवतातही हं! २०१४ ची वर्ल्ड कप सेमीफायनल. ब्राझीलचे शॉट १८, जर्मनीचे १४. कॉर्नर ब्राझीलचे जास्त. बॉलचा ताबाही ब्राझीलकडे जास्त. निकाल? जर्मनी ७, ब्राझील १! त्यातले चार गोल तर सहा मिनिटांत. पहिल्या अर्ध्या तासात पाच गोल खाल्ल्यावर मारलेल्या शॉटना भाव काय राहणार? शॉट मोजताना घड्याळही बघायचं असतं.

आता विमान घरी वळवूया, गोव्यात! सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश कोच एफसी गोवाला आले आणि इंडियन सुपर लीगमध्ये गोलांचा शिमगा सुरू झाला. २०१९-२० मध्ये लीगच्या १८ मॅचमध्ये ४६ गोल, म्हणजे मॅचमागे अडीचहून जास्त, आणि टेबलात अव्वल टीमला मिळणारी लीग शील्ड खिशात. सीझन संपण्याआधीच क्लबनं लोबेरांना निरोप दिला होता, हे वेगळंच. मग ते गेले मुंबई सिटीकडे. सोबत हळूहळू एफसी गोवाचे खेळाडू मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू आणि गोव्याचा मंदार राव देसाईही! मंदारची गोष्ट तर खास: विंगर म्हणून आलेल्या या पोराला लोबेरांनी लेफ्ट-बॅक केलं, म्हणजे एकाच माणसानं आपला कॉलम बदलला.

२०२०-२१ मध्ये मुंबईचे २० मॅचमध्ये ३५ गोल, खाल्ले १८. सेमीफायनलला समोर कोण? गोवाच! आणि दुसऱ्या लेगमध्ये या दोन गोलवेड्या टीमनी १२० मिनिटांत मिळून किती गोल केले? शून्य! पेनल्टीवर मुंबई ६-५. मग फायनलही जिंकून शील्ड आणि कप दोन्ही मुंबईकडे, आणि कोविडमुळे सगळ्या मॅच गोव्यातच झालेल्या.

डेस बकिंगहॅम कोच असताना, २०२२-२३ मध्ये मुंबईनं तर कहरच केला: लीगच्या २० मॅचमध्ये ५४ गोल, लागोपाठ १८ मॅच अपराजित, शील्ड पुन्हा घरी. सेमीफायनलला बेंगळुरू. दोन लेग मिळून २-२, चला पेनल्टीवर! पाऊण गोलाचा हिशेब आठवतोय ना? त्या रात्री १८ पेनल्टी मारल्या गेल्या, गणिताप्रमाणे साधारण १४ आत जायला हव्या होत्या. गेल्या १७! चुकलेली एकुलती एक पेनल्टी मुंबईची, आणि ९-८ नं फायनलला गेलं बेंगळुरू.