बिघाड परत आणून दाखवा

मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे घरी जोडलेल्या कॉम्प्युटरचं एक दुखणं हमखास दिसतं. सकाळी तो बिनतक्रार चालतो. दुपारी गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की काही मिनिटांत धाडकन बंद पडतो आणि रात्री पुन्हा ठीक. मग कुणी विंडोज नव्याने टाकतं, कुणी रॅम काढून रबरने घासतं, कुणी थेट नवा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणतं. तोवर उन्हं उतरलेली असतात, मशीन चालू लागतं आणि जो उपाय शेवटी केला त्याला श्रेय मिळतं.

मला यातली खरी अडचण इथेच दिसते. मशीन चालू झालं म्हणजे बिघाड सापडला, असं आपण धरून चालतो. विज्ञानाची कसोटी याहून कडक आहे. संशयित भाग बदलल्यावर तक्रार थांबायला हवी आणि तोच जुना भाग परत लावल्यावर ती परतही यायला हवी. पहिली अर्धी पायरी सगळे करतात, दुसरी जवळजवळ कुणीच करत नाही.

रबरचंच बघा. रॅमच्या पट्टीवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, एका मायक्रॉनहूनही कमी जाडीचा. वारंवार घासून तो झिजतो. पट्टी चालू होते ती बहुतेक वेळा काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. बसवताना संपर्कबिंदू एकमेकांवर घासले जातात आणि त्यांवरचा मळ बाजूला होतो. न घासता नुसती काढून बसवून पाहिली, तर रबर लागतं की नाही ते लगेच कळेल. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे.

आता उन्हाळ्याकडे येऊ. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली अशी दोन हवामानं नांदतात. बुलढाणा-चिखली-मेहकरला जे मशीन निभावून नेतं, तेच शेगाव-खामगावला उन्हाळ्यात धापा टाकतं. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाहीत. एका ठरावीक कामाला प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी जास्त तापतो. हा फरक ५० अंशांचा असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७५ वर राहील आणि ४२ अंशांच्या खोलीत ९२ वर जाईल. त्यात हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू अडकलेले असले, की हा फरकच वाढतो. जिनिंगच्या आसपासच्या घरांत ही पाती उघडून पाहण्यासारखी असतात.

पण एक खूण नीट लक्षात घ्यावी. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि बंद पडतात ते त्याच्याही पुढे. म्हणून मशीन आधी रेंगाळत असेल, तर हीटसिंक आणि थर्मल पेस्टकडे पाहावं. अजिबात न रेंगाळता एकदम काळोख झाला आणि त्या क्षणी प्रोसेसर ७५-८० वरच असेल, तर संशय एसएमपीएसवर जातो.

एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर फुगले आणि फुटले होते. आजही माथा फुगलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो. मात्र सगळेच फुगत नाहीत. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर वीज गेल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, तर आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. सुकलेल्या कपॅसिटरला तेवढाही तग धरवत नाही, म्हणून बोअरची मोटर किंवा कूलर सुरू होताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ मध्ये असावी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये. हे माप काम चालू असताना घ्यावं. रिकाम्या मशीनवर आजारी एसएमपीएससुद्धा धडधाकट दिसतो.

आता सगळ्यात जास्त गैरसमजाची तक्रार. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर पेटतो. ‘एसएमपीएस शॉर्ट आहे’ असं निदान होतं, नवा येतो, झिणझिण्या तशाच राहतात. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या खोक्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. विद्युत गोंगाट अर्थिंगमध्ये उतरवणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल, तर खोक्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह एका मिलिअँपिअरहून कमी असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात, पण डिशच्या केबलला जोडलेल्या टीव्हीत एचडीएमआय खुपसताना तेवढ्याने पोर्ट जळू शकतं. भाग निरोगी आहे, आजार भिंतीत आहे.

आणि भिंतीच्याही पलीकडे, जमिनीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अर्थिंगच्या पट्टीपासून माती सुटते आणि रोध वाढतो. घाटावर बऱ्याच ठिकाणी मुरमाखाली लगेच बेसाल्ट लागतो, तोच बेसाल्ट ज्यात लोणारचं विवर आहे. कोरडा खडक वीज सहज वाहून नेत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी पद्धत म्हणूनच पूर्ण शास्त्रीय आहे. तपासणी वायरमनकडून करावी: फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास २३० व्होल्ट यायला हवेत. सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थिंगच्या पिनला जोडून देण्याचा ‘जुगाड’ मात्र जीवघेणा आहे. न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात.

नव्याने जोडलेलं मशीन ‘नो डिस्प्ले’ दाखवत असेल, तर भाग बदलण्याआधी ते कमी करावेत. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी, बस्स. इथे चालला तर कॅबिनेटमध्ये जास्तीचा पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकतोय का पाहावं. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वेगळी पॉवर केबल राहून जाणं हेही नेहमीचंच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार. यानंतर एकेक भाग वाढवत जावं, दोन एकदम कधीच नाही.

रॅमचा बिघाड सगळ्यात लबाड. आज फाइल खराब, उद्या निळा पडदा, परवा काहीच नाही. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ चा प्रसिद्ध अभ्यास सांगतो, की वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका नोंदल्या गेल्या आणि त्यांमागे वैश्विक किरणांसारख्या योगायोगापेक्षा पट्टीतला कायमचा दोष जास्त असावा. त्या सर्व्हरांमध्ये चुका पकडणारी रॅम होती, आपल्या घरच्या मशीनमध्ये सहसा ती नसते. रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवावं, एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये. चूक आली तर ती पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पुन्हा चालवावं. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड. दुकानात वॉरंटीसाठी जाताना हेच दोन निकाल, तारीख आणि खोलीचं तापमान कागदावर लिहून न्यावं.