नॉर्वेतील संशोधनपदांविषयी काही गैरसमज

परदेशातील विद्येचा विचार मनात आला की आधी द्रव्याची चिंता करावयाची, हा संस्कार, १८८३ साली अमेरिकेस जाण्यासाठी आनंदीबाई जोशींना जे सायास पडले ते पाहता, त्यांच्या माहेरी कल्याणात रुजला असल्यास नवल नाही. परंतु नॉर्वेतील पीएच.डी.च्या बाबतीत ती चिंता अस्थानी आहे. तेथील संशोधक हा शुल्क भरणारा विद्यार्थी नसून, जाहिरात देऊन नेमलेला, दरमहा वेतन घेणारा, त्यावर प्राप्तिकर भरणारा आणि रजेचा हक्कदार असलेला विद्यापीठाचा मुदतबंद सेवक असतो. २०२३ च्या शरदापासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू झाले, ही बातमी खरी असली तरी ती पदवी आणि पदव्युत्तर वर्गांपुरती आहे. कर्जाच्या भीतीने डोंबिवलीतील एखादी हुशार मुलगी हा विचारच सोडून देत असेल, तर ते मोठे दुर्दैव होय.

दुसरा समज याहून घातक आहे. एखाद्या प्राध्यापकाची मर्जी संपादन केली की काम झाले, अशा भावनेने आपली मुले शेकडो ठिकाणी एकाच मजकुराची पत्रे धाडतात. वस्तुतः ही पदे सार्वजनिक सेवेतील असून ती बहुधा ‘जॉबनॉर्गे’ या संकेतस्थळावर जाहीर होतात, आणि आलेल्या अर्जांची छाननी तज्ज्ञांची समिती लेखी करते. जाहिरातीत ज्याचे नाव दिलेले असते त्या प्राध्यापकास विषयासंबंधी नेमका प्रश्न विचारणे उचितच आहे. शिफारशीची याचना मात्र व्यर्थ. माहितीच्या खुलेपणाचा तेथील कायदा इतका कडक आहे की अर्जदारांची यादी जाहीर होऊ शकते, आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती मान्य होईलच असे नाही. सध्याच्या नोकरीत कोणास न सांगता अर्ज करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

गुणांची टक्केवारी उत्तम असली की पुरे, हेही अर्धसत्य आहे. पुष्कळ जाहिराती तेथील ‘बी’ किंवा त्याहून वरच्या श्रेणीशी समकक्ष गुण मागतात हे खरे, पण पदव्युत्तर प्रबंधाकडेही समितीचे बारीक लक्ष असते. म्हणून ज्यांच्या एम.एस्सी.तील प्रकल्प नाममात्र होता, त्यांनी प्रथम एखाद्या प्रयोगशाळेत संशोधन-साहाय्यक म्हणून काम करून लेखी पुरावा जमवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीएच.डी.च्या पदाची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. अध्यापनादी कर्तव्ये एक चतुर्थांश जोडली असतील तर चार. डॉक्टरेटनंतरचे पद बहुधा दोन ते चार वर्षांचे असून त्यासाठी पीएच.डी. पूर्ण झालेली असावी लागते, एकाच संस्थेत ते दुसऱ्यांदा मिळत नाही, आणि त्यातून कायम नेमणुकीचा हक्क उत्पन्न होत नाही. नॉर्वेजियन येत नाही म्हणून कोणी कचरू नये, कारण अनेक विषयांत अर्ज, काम आणि प्रबंध इंग्रजीत चालतात. तेथेच स्थायिक व्हावयाचे असेल तर मात्र ती भाषा शिकणे अगत्याचे.

अर्जास शुल्क नाही, सबब मध्यस्थास पैसे देण्याचे प्रयोजनही नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून ट्रान्स्क्रिप्ट मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता ते आजच मागवावे. कारण मुदत टळल्यावर उत्तम अर्जाचाही सामान्यतः विचार होत नाही.