वैयक्तिक निगा उत्पादनांतील सूक्ष्मप्लास्टिकचे मापन

वैयक्तिक निगा उत्पादनांतील सूक्ष्मप्लास्टिकचे मापन म्हणजे फेसवॉश, स्क्रब, टूथपेस्ट यांसारख्या उत्पादनांतून प्लास्टिकचे घन कण वेगळे करून त्यांचा प्रकार, आकार, संख्या व वजन ठरवण्याची प्रक्रिया होय. ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिककणांना सर्वसाधारणपणे सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. त्वचा घासण्यासाठी मुद्दाम मिसळलेल्या कणांना सूक्ष्ममणी असे नाव असून ते बहुधा पॉलिएथिलीनचे असतात.

पार्श्वभूमी

मराठवाड्यात अंग घासण्यासाठी डाळीचे पीठ व उटणे वापरण्याची रीत जुनी आहे. त्यातील वनस्पतिजन्य कण पाण्यात व मातीत कुजतात. पॉलिएथिलीनचे मणी कुजत नाहीत. नांदेड शहर गोदावरीकाठी, तर लातूर मांजरा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. मांजरा तेलंगणातील कंदकुर्ती येथे गोदावरीस मिळते. त्यामुळे दोन्ही शहरांच्या न्हाणीघरांतील सांडपाणी अखेर एकाच खोऱ्यात जाते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बरेचसे कण गाळात बसतात, पण तो गाळ खत म्हणून शेतात टाकल्यास ते जमिनीत येतात.

२०१५ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातील स्क्रबमधील कण मोजले. एका वेळच्या सुमारे ५ मिलिलिटर वापरातून ४,५९४ ते ९४,५०० मणी बाहेर पडू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षी अमेरिकेत धुऊन टाकायच्या प्रसाधनांतील सूक्ष्ममण्यांवर बंदीचा कायदा झाला. भारतीय मानक ब्यूरोने २०१७ मध्ये आयएस ४७०७ (भाग २) या मानकात प्लास्टिकच्या सूक्ष्ममण्यांना प्रसाधनांसाठी सुरक्षित न मानल्या जाणाऱ्या घटकांत घातले. एखादे उत्पादन या मानकात बसते की नाही, हे केवळ वेष्टनावरील घटकसूची वाचून सिद्ध होत नाही. त्यासाठी मापन लागते.

पद्धत

उत्पादनाचा वजन केलेला नमुना गरम ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून विरघळवतात आणि निर्वात पंपाच्या साहाय्याने बारीक गाळणकागदातून गाळतात. अक्रोडाच्या कवचाची पूड किंवा इतर वनस्पतिजन्य भाग असल्यास हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यांचे विघटन करतात. सिलिका व इतर खनिजे वेगळी करण्यासाठी मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात. त्याची घनता सुमारे १.२ असल्याने पॉलिएथिलीन तरंगते व खनिजे तळाशी जातात. मात्र चमकीत वापरले जाणारे पीईटी (घनता सुमारे १.३८) या द्रावणात बुडते. त्यासाठी झिंक क्लोराइडचे अधिक जड द्रावण लागते.

वाळवलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. प्लास्टिकचा प्रकार अवरक्त वर्णपटावरून ठरतो. पॉलिएथिलीनची ठळक शिखरे २९१५ व २८४८ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्यांजवळ दिसतात. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या अवरक्त उपकरणाने साधारण १० ते २० मायक्रोमीटरपर्यंतचे, तर रामन वर्णपटमापकाने सुमारे १ मायक्रोमीटरपर्यंतचे कण ओळखता येतात.

चुकीचे निदान

या मापनातील सर्वांत फसवा पदार्थ प्लास्टिक नसून साबण आहे. अनेक फेसवॉशमध्ये स्टिअरिक आम्लाचे क्षार असतात. मराठवाड्यातील बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. असे पाणी वापरल्यास त्यातील कॅल्शियममुळे न विरघळणारे कॅल्शियम स्टिअरेट तयार होते. बादलीच्या कडेला बसणारा पांढरट थर तो हाच. हा साका गाळणकागदावर राहतो आणि त्याची लांब कार्बनसाखळी पॉलिएथिलीनसारखीच २९१५ व २८४८ जवळ शिखरे देते. १५४० ते १५८० या पट्ट्यातील कार्बोक्सिलेटची जादा शिखरे तपासली नाहीत, तर साबण प्लास्टिक म्हणून नोंदला जातो. काही हातमोज्यांवरील स्टिअरेटमुळेही असाच घोटाळा होतो. म्हणून नळाचे वा बोअरचे पाणी टाळतात, सुती कोट वापरतात आणि नमुन्याविना तीच सर्व कृती करून कोरी चाचणी घेतात. कोऱ्या चाचणीची नोंद नसलेल्या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.

संख्या आणि वजन

निष्कर्ष दर ग्रॅममागे कणांच्या संख्येत किंवा वजनात देतात. दोन्हींत मोठा फरक पडतो. ३०० मायक्रोमीटर व्यासाच्या पॉलिएथिलीन मण्याचे वजन सुमारे १३ मायक्रोग्रॅम भरते, म्हणजे १ ग्रॅममध्ये सुमारे ७४,००० मणी मावतात. व्यास निम्मा केला की तितक्याच वजनात सुमारे ६ लाख मणी होतात. त्यामुळे आकारमान न सांगता केवळ संख्या दिलेल्या दोन अहवालांची तुलना करता येत नाही.

गाळणकागदावर फक्त घन कण अडकतात. दाटपणा आणण्यासाठी वापरलेले कार्बोमरसारखे पाण्यात पसरणारे बहुवारिक त्यातून निसटू शकतात आणि या पद्धतीच्या मोजणीत येत नाहीत.