उणे अकरा रुपयांची तूर

आठव्या हंगामात तुरीचा भाव किलोला उणे 11 रुपये 66 पैसे झाला. म्हणजे शेतकऱ्यानं तूर तर द्यायचीच, वरून किलोमागे पावणेबारा रुपये मोजायचे. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या माझ्या घरी, रात्री साडेदहाच्या सुमाराला हा आकडा लॅपटॉपवर उमटला आणि जो धडा झाला म्हणून मी निजायला निघालो होतो, तो पुन्हा उघडून बसलो.

मी बी.ए.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. दोन उन्हाळ्यांपासून त्यांच्यासाठी मोबाइलवर चालतील असे वेबधडे तयार करतो आहे. आमची निम्मी मुलं गाडीनं येणारी. कोणी मूर्तिजापूरकडून, कोणी चांदूर-धामणगावकडून. बडनेरा जंक्शनवर उतरायचं आणि कॉलेज गाठायचं. गाडी उशिरा आली की पहिला तास बुडतो, आणि पहिला तास बहुधा सूक्ष्म अर्थशास्त्राचा असतो. बुडालेला तास फलाटावर बसून भरून काढता यावा, एवढ्याच गरजेतून हे काम सुरू झालं.

उणे भावाचा धडा होता कॉबवेब सिद्धांताचा, म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचा. हे नाव निकोलस काल्डोर यांनी 1934 मध्ये दिलं. गोष्ट साधी आहे. शेतकरी यंदाचा भाव बघून पुढच्या हंगामाचं पीक ठरवतो. भाव चढा असला की सगळेच तेच पेरतात, माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. कोसळलेला भाव बघून सगळे ते पीक सोडतात, की पुढच्या साली भाव पुन्हा चढतो. आलेखावर ही ये-जा रेघांनी जोडली की मागणी आणि पुरवठ्याच्या वक्रांभोवती जाळं विणलेलं दिसतं. इंग्रजी पुस्तकांत याचं उदाहरण बहुतेक वेळा डुकरांच्या भावाचं असतं. मराठी पुस्तकांत उदाहरणच नसतं, नुसती आकृती असते.

वऱ्हाडात उदाहरण शोधायला जावं लागत नाही. 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला. 2015 मध्ये शहरांत तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. 2016 च्या जूनमध्ये जो तो तूर पेरत सुटला, पाऊसही बरा झाला. देशातलं तुरीचं उत्पादन 25 लाख टनांच्या आसपास होतं, ते एका वर्षात 48 लाख टनांच्या वर गेलं. 2017 च्या सुरुवातीला तूर बाजारात आली तेव्हा बोनससह हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्याही खाली. खरेदी केंद्रांपुढं गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. आज माझ्या वर्गात बसणारी मुलं त्या वर्षी चौथी-पाचवीत होती. काहीजण बापाबरोबर त्या रांगेत राहिलेली आहेत.

म्हणून धड्यातली तूर हिशोबाला सोपी, पण ओळखीच्या भावातली ठेवली. दोन्ही वक्र मिळतात तिथं किलोला 60 रुपये. पहिल्या हंगामाला मुद्दाम 80 रुपये भाव दिला. खाली एक स्लायडर. भाव एक रुपयानं वाढला तर पेरा किती वाढतो, ते त्यावर ठरवायचं. स्लायडर 0.8 वर असला की भाव 80 वरून 44, तिथून 72.80, मग 49.76 असा हेलकावत हळूहळू साठाकडं येतो. बरोबर 1 वर ठेवला की 80 आणि 40, पुन्हा 80 आणि 40, जन्मभर तेच. 1.2 वर नेला की जाळं बाहेर बाहेर पसरत जातं. तेच पसरत पसरत आठव्या हंगामाला शून्याच्या खाली उतरलं.

चूक गणिताची नव्हती. सरळ रेघेला शून्याशी थांबायचं कळत नाही, ते तिला सांगावं लागतं. एक ओळ लिहून भाव शून्यावर अडवता आला असता आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मी तो तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवला. क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, इतका कसा पडन? मधात हमीभाव हाय नं.”

धड्याचा दुसरा भाग त्या मुलानं असा लिहून दिला. किलोला 50 रुपये 50 पैशांची आडवी रेघ टाकली, तेव्हाचा हमीभाव. आता 1.2 वरही जाळं पसरत नाही. 71.40 आणि 50.50 या दोन भावांमध्ये ते चौकोनासारखं फिरत राहतं. पण हमीभाव कागदावर असून चालत नाही, कोणीतरी तो माल घ्यावा लागतो. पहिल्याच पडत्या हंगामात 84 एकक तूर येते, त्या भावाला गिऱ्हाईक 69.5 एककांचं. उरलेले साडेचौदा एकक कुठं जाणार? त्या जागेला रंग दिला आणि दुसरा स्लायडर बसवला: सरकारनं किती उचलली. तो शून्याकडं ओढला की आडवी रेघ जागेवरच राहते आणि बाजारभाव तिच्याखालून निघून जातो. हे बघताना वर्गात जी शांतता पसरली, ती फळ्यावर वक्र काढून मला वीस वर्षांत मिळाली नव्हती.

या मांडणीत पाऊस नाही, हे धड्यात ठळक लिहिलं आहे. 2016 चं पीक नुसत्या भावानं वाढलं नव्हतं. सगळा दोष शेतकऱ्याच्या अंदाजावर टाकणारा धडा मला मुलांच्या हातात द्यायचा नाही.

वेबधडा म्हटलं की लोकांना आधी कॅमेरा आठवतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’नं चार अंगांची चौकट घालून दिली: व्हिडिओ, वाचनाचं साहित्य, चर्चा आणि स्वतःची परीक्षा. चौकट चांगली आहे, पण बऱ्याच ठिकाणी जीव व्हिडिओत ओततात आणि बाकीची तीन अंगं कशीबशी उरकतात. मी पहिल्या उन्हाळ्यात तेच केलं. चाळीस मिनिटांचं व्याख्यान चढवलं. मुलं पहिल्या पाच-सात मिनिटांतच थांबत होती. थांबणारच. त्यांच्या हाताला तिथं कामच नव्हतं. आता एका धड्याला मला तीन आठवडे लागतात, त्यातला बोलण्याचा भाग अर्ध्या दिवसात होतो. बाकी सगळा वेळ एका प्रश्नावर जातो: इथं मुलाच्या अंगठ्यानं काय करायचं?

अंगठा म्हणजे खरोखरचा अंगठा. स्लायडर आलेखाच्या वर ठेवला होता, तर तो ओढताना हातानं आलेखच झाकला जायचा. तो खाली आणला. भाव उभ्या अक्षावर आणि नग आडव्यावर, ही आल्फ्रेड मार्शल यांच्या 1890 च्या ग्रंथापासून चालत आलेली पद्धत. गणितातून आलेलं मूल तिथं हमखास अडखळतं, कारण त्याला कारण आडव्या अक्षावर शोधायची सवय असते. म्हणून पहिल्या पानावर अक्षांना बोट लावलं की ‘हा भाव’, ‘ही तूर’ असं ऐकू येतं. आणि कुठलाही वक्र आपोआप सरकत नाही. आधी अंदाज नोंदवायचा, मगच रेघ हलते. चुकलेला अंदाज फिक्या रंगात तिथंच राहतो, खऱ्या रेघेच्या शेजारी.

परीक्षेच्या प्रश्नांचे चुकीचे पर्याय मी मनानं रचत नाही. जुन्या उत्तरपत्रिकांत मुलं जे चुकली, तेच पर्याय देतो. सगळ्यात मोठी चूक ठरलेली, शब्दांच्या अदलाबदलीची. भाव बदलल्यानं मागणीचा विस्तार-संकोच होतो आणि उत्पन्न किंवा आवड बदलल्यानं वृद्धी-ऱ्हास. पहिल्यात आपण त्याच वक्रावर वरखाली होतो, दुसऱ्यात वक्रच जागा सोडतो. चारही शब्द पाठ असतात आणि पेपरात अदलाबदल होते. बोटानं एकदा बिंदू सरकवला आणि एकदा अख्खा वक्र ओढला की ही गफलत बरीच कमी होते.

त्यातल्या ‘ऱ्हास’नं माझे दोन दिवस खाल्ले. जुन्या नोट्स ज्या फॉन्टात टाइप केल्या होत्या, तो मोबाइलला कळत नाही. युनिकोडात बदलून घेतल्या तर ‘ऱ्हास’चा ‘र्हास’ झाला. चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ उडाला आणि रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसला. डोळ्यांनी बघून दुरुस्त केलं, तरी शोधाच्या चौकटीत शब्द सापडेना. एकसारख्याच दिसणाऱ्या ‘ऱ्ह’ला संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं आणि माझ्या पानांत दोन्ही मिसळले होते. मराठी माध्यमाच्या मुलाला आपल्या विषयाचा शब्द आपल्याच धड्यात शोधून मिळू नये, हे मला सहन होईना. सगळी पानं एकेक करून सारखी केली.

अशा वेबधड्यांवर बाहेरही मोठं काम झालं आहे. ‘कोअर’ या गटाचं ‘द इकॉनॉमी’ हे पुस्तक वेबवर फुकट वाचता येतं, त्यातल्या आकृत्या पायरीपायरीनं उघडतात. ती पायरीची युक्ती मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण त्यातलं शिवार आमचं नाही.

या जूनमध्ये तुरीच्या धड्याचं पहिलं पान बदललं. आता सुरुवातीला वक्र दिसत नाही, फक्त प्रश्न येतो: ‘मागच्या हंगामात तुरीला 80 रुपये भाव होता. घरी पाच एकर आहे. तूर किती एकर पेराल?’ आकडा टाकला की पान उलटतं. वर्गात सगळ्यांनी पटापट तीन, चार, पाच टाकले. एक मुलगी मोबाइल हातात धरून तशीच बसलेली. विचारलं तर म्हणाली, “सर, पेरतो तितकी सगळी इकत नाई ना. घरी खायले ठेवा लागते, बियान्याले ठेवा लागते. ते कुठी टाकू?”

टाकायला जागा नव्हती. साठा आणि पुरवठा यांतला फरक मी तिसऱ्या प्रकरणात ठेवला होता. त्या रात्री तो पहिल्या पानावर आणायला घेतला. प्रश्नाखाली दुसरी चौकट टाकली: ‘यातली घरी किती ठेवाल?’