डॉक्टरांनी रंगवलेली माणसे

भल्या पहाटे वसई रोड स्टेशनच्या पुलावर उभे राहून माणसे पाहिली आहेत का? भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई मान ताठ ठेवून कमरेतून चालते. मासळीची टोपली सांभाळणाऱ्या कोळणीची चाल निराळी. रात्रपाळी करून आलेला कामगार खांदे पाडून पायऱ्या उतरतो. चेहरा दिसला नाही तरी कोण कुठल्या कामाचे, ते अंगावरून कळते.

हेच पाहणे एका डॉक्टरांनी आयुष्यभर केले. त्यांचे नाव सुधीर पटवर्धन. जन्म पुण्याचा, १९४९ सालचा. तिथेच डॉक्टर होऊन ते मुंबईस आले आणि १९७५ पासून ठाण्यात एक्स-रे तज्ज्ञ म्हणून काम करू लागले. आपली वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. चित्रे काढायला ते स्वतःच शिकले. दवाखाना सांभाळून चित्रे, असे २००५ पर्यंत चालले. तीस वर्षे! आपण दोन म्हशींचा जोडधंदा करताना थकतो.

एक्स-रेमध्ये माणसाची जात दिसत नाही, की घरची श्रीमंतीही नाही. हाडांवर कातडी आली, अंग कामाला जुंपले, की माणसामाणसांत फरक पडू लागतो. पटवर्धनांनी तो रंगवला. लोकलमधली, रस्त्यावरची, हॉटेलात बसलेली साधी माणसे. ‘इराणी रेस्टॉरंट’ हे त्यांचे १९७७ चे चित्र प्रसिद्ध आहे.

आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातील लक्ष्मीचे हात पाहा, एक भेग नाही. म्हणून तर लग्नात फोटोवाला आला की आपल्या बायका हात पदराखाली घेतात. पटवर्धनांच्या चित्रांत जाड मनगटे, सुटलेली पोटे, वाकलेल्या पाठी उघड उभ्या असतात. त्यांत कीव नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. अशी चित्रे लागतात शहरातल्या दालनांत, आणि चित्रातला हमाल तिथे पाय टाकायला बिचकतो. पटवर्धनांनाही हे अंतर जाणवले असावे. २००८-०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अनेक चित्रकारांचे एक प्रदर्शन मुंबईबाहेर, राज्यातल्या इतर शहरांत फिरले. पुढे २०१९ मध्ये त्यांच्या स्वतःच्या आयुष्यभराच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेही मुंबईतच.

खेडी राहिलीच. उद्या कुणी ही चित्रे ग्रामपंचायतीच्या हॉलात आणलीच, तर भाजीवाल्या बायकांना पुढे उभे करा. ओझ्याखाली पाय बरोबर पडला आहे की नाही, ते त्याच सांगतील.