सत्तावन्न वर्षांची सवय

मागच्या रविवारी मिस्सा संपली, चर्चच्या फाटकाशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गाठलं. "सर, या वेळी कुणाला मत द्यायला सांगणार?" चेष्टेनेच विचारलं त्याने. कारण 2022 च्या जूनमध्ये भर उन्हात हा म्हातारा नई सडकेच्या गल्ल्यांतून दारोदार फिरत होता आणि या वेळी महापौर बदला म्हणून लोकांना सांगत होता, हे सगळ्या मुहल्ल्याला ठाऊक आहे. ग्वाल्हेर महापालिकेची पुढची निवडणूक 2027 मध्ये यायची आहे. तेव्हा त्याला तिथे हसून टाळलं ते उत्तर इथे सविस्तर देतो.

आधी सांगतो, मी कुठल्याच पक्षाचा सभासद नाही. भाजपला मी मत दिलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. पण ग्वाल्हेरचं महापौरपद जनसंघ आणि नंतर भाजप यांच्याकडे सलग 57 वर्षं होतं. सत्तावन्न! मी शाळकरी होतो तेव्हापासून मी शाळेतून निवृत्त झालो त्याच्याही पुढे. इतका काळ एकाच हाती कारभार राहिला, की माणसं वाईट असोत-नसोत, त्यांना हरण्याची धास्ती राहात नाही. वर्गात वर्षानुवर्षं तोच मॉनिटर ठेवला तर काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

त्यात 2020 च्या सुरुवातीला आधीच्या परिषदेची मुदत संपली. पुढे कोविड, मग आरक्षणाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि निवडणूक व्हायला 2022 चा जुलै उजाडला. अडीच वर्षं शहराला पार्षद नाही, महापौर नाही, प्रशासकाचा कारभार. महामारीच्या दिवसांत, ज्याचं दार रात्री ठोठावावं असा निवडून दिलेला माणूसच वॉर्डात नव्हता. पार्षदाची किंमत मला तेव्हा कळली.

घरोघर गेलो तेव्हा काय काय ऐकायला मिळालं, ते सांगण्यासारखं आहे. समोरच्या वाड्यातल्या आजी म्हणाल्या, "अरे, आम्ही शेजवलकरांना मत देणारी माणसं." खरंच आहे. नारायणराव शेजवलकर 1977 आणि 1980 मध्ये इथून खासदार झाले, त्यांचे चिरंजीव विवेकराव आमचे महापौर होते आणि 2019 मध्ये खासदार. लष्करातल्या मराठी घरांना तो आपला माणूस वाटतो, त्यात गैर काय? मी म्हटलं, आजी, या वेळी शेजवलकर उभेच नाहीत. आणि 1984 आठवा. अटलजी याच मातीतले, शिंदे की छावणीतले, तरी या शहराने त्यांना हरवून माधवरावांना दिल्लीला पाठवलं. त्याने अटलजींचा मान कमी झाला का? आजी हसल्या. मत कुणाला दिलं ते मात्र त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा होता. काँग्रेसच्या उमेदवार शोभा सिकरवार, त्यांचे यजमान आमदार सतीश सिकरवार. ते 2018 मध्ये भाजपचे उमेदवार, 2020 मध्ये काँग्रेसचे. "मास्तर, मग बदल तो कसला?" याला माझ्याकडे फार चांगलं उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं, की मी माणसांचं सोनं पारखायला आलेलो नाही. हातातली सत्ता जाऊ शकते, हे एकदा दोन्ही पक्षांना दिसू द्या.

"वर सरकार त्यांचं, खाली दुसऱ्याला बसवलं तर पैसा कोण देणार?" हाही प्रश्न दर दोन घरांआड. मोठ्या योजनांची मंजुरी भोपाळहून येते, ते मी नाकारलं नाही. पण मालमत्ता कर आपण भरतो, चुंगी क्षतिपूर्तीची रक्कम आणि वित्त आयोगाचं अनुदान हे काही कुणाच्या मर्जीचं बक्षीस नव्हे. 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत जागा दिली, ती उगाच नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते आपल्याच माणसांशी बोलणं. "सर, आपण मूठभर. कशाला नजरेत यायचं?" धर्मांतराविषयीचा 2021 चा कायदा आल्यापासून आपली माणसं घरातल्या प्रार्थनेलाही आवाज खाली ठेवतात, त्या भीतीची मी थट्टा करणार नाही. पण मतपेटीपासून दूर राहिल्याने ती कमी होत नाही. धर्मग्रामातल्या एका ज्येष्ठाने तर मला बजावलं, की चर्चच्या माणसाने राजकारणात पडू नये. अहो, फादरांनी पक्षाचा प्रचार करू नये हे बरोबर, मलाही ते चालणार नाही. पण मी फादर नाही, पेन्शनर आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2020 च्या 'फ्रातेल्ली तुत्ती'चा एक अख्खा अध्याय चांगल्या राजकारणावर लिहिला, तो आपल्यासारख्या प्रापंचिकांनी नाही तर कुणी वाचायचा? आणि बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाने त्या परक्या शहराचंही भलं चिंतायला सांगितलं. आपलं शहर तर परकंही नाही.

6 जुलैला मतदान झालं, जेमतेम निम्म्या मतदारांनी केलं. निकाल लागला तेव्हा शोभाताई 28 हजारांहून जास्त मतांनी निवडून आल्या होत्या. बाड्यावर त्या संध्याकाळी ढोल वाजत होते. मी घरीच चहा पीत बसलो, गुडघ्यांनी संप केला होता.

मला सर्वात आवडलं ते वेगळंच. महापौर थेट निवडायचा असल्यामुळे प्रत्येकाला दोन मतं होती, एक महापौराला, एक पार्षदाला. 66 वॉर्डांत पार्षद मात्र भाजपचे 34 आले, काँग्रेसचे 25. म्हणजे लोकांनी डोळे मिटून एकाच चिन्हावर दोनदा बोट दाबलं नाही.

त्याचा त्रासही झाला. सभापतिपद एका मताने भाजपकडे गेलं. महापौर एका बाजूच्या, सभागृहात जोर दुसऱ्या बाजूचा, मग अडलेल्या कामाचं खापर रोज एकमेकांवर. 2024 मध्ये तर जबलपूर आणि मुरैनाचे काँग्रेसचे महापौर भाजपमध्ये गेले. तेव्हा नाक्यावरच्या चहावाल्याने मला विचारलं, "मास्टरसाब, अपनी वाली कब जा रही हैं?" आमच्याकडे तसं झालं नाही, पण ज्या लोकांच्या दारात मी उभा राहिलो होतो त्यांना तोंड कसं दाखवायचं या विचाराने दोन-तीन रात्री झोप नीट लागली नाही.

तर, या वेळी कुणाला? 2022 ची माझी मोजपट्टी मी बदलणार नाही. महापौरपद ज्यांच्याकडे आहे त्यांनी पाच वर्षांचा हिशोब द्यावा, ज्या पार्षदांकडे वॉर्ड आहे त्यांनीही द्यावा. ज्याला देता येणार नाही त्याच्या विरोधात उभ्या राहणाऱ्याला मी मत मागेन, मग तो हाताचा असो, कमळाचा असो की झाडूचा. आमच्या वॉर्डात ते 2022 च्या अगदी उलट पडलं, तरी चालेल.

एक काम मात्र आताच करण्यासारखं आहे. महापालिकेची मतदार यादी राज्य निवडणूक आयोग करतो, विधानसभेची यादी वेगळी. एका यादीत नाव आहे म्हणून दुसऱ्या यादीत असेलच असं धरू नका. वही-पेन घेऊन मी पुढच्या रविवारपासून मिस्सेनंतर फाटकाशी बसणार आहे. ज्यांना आपलं आणि घरच्यांचं नाव तपासून घ्यायचं असेल त्यांनी यावं, शेजाऱ्यांनीही. समोरच्या आजींनी निरोप पाठवलाय, खुर्ची त्या देणार आहेत.